शिवरात्र ते पाडवा : परसबागेतील कामे
(ऊस विकास अधिकारी यांजकडून)



गळीत हंगाम शेवटाकडे आला आहे. टोळ्यांची परतीची भाषा सुरू झाली, सुरू लागणी आटोपल्या, आणि खोडव्याच्या बगला फोडण्याची घाई सगळीकडे दिसते आहे. या पानावर आपण नेहमी बेणे, खतांचे हप्ते, हुमणी आणि पाणी यांबद्दल बोलतो. या खेपेस मात्र ऊस बाजूला ठेवून घरामागच्या जागेबद्दल लिहिण्याचे योजले आहे. महाशिवरात्रीपासून गुढीपाडव्यापर्यंतचा काळ हा परसबागेच्या दृष्टीने वर्षातला मोठा मोक्याचा काळ होय. थंडी ओसरलेली असते आणि ऊन अजून तापलेले नसते. याच महिना-सव्वा महिन्यात जे पेरले जाते तेच पुढे वैशाखात ताटात येते.

बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी जरा उभे राहून पाहावे. आठ-दहा एकर बागाईत असलेले आपले सभासद पिशवी घेऊन मेथी, पालक, गवार विकत घेताना दिसतात. घराच्या उंबऱ्यापासून थेट शिवेपर्यंत ऊस, आणि कोथिंबिरीची जुडी मात्र विकतची. गेल्या महिन्यात एका वस्तीवर लागणीची नोंद घेण्यास गेलो असता सभासदांच्या मातोश्री म्हणाल्या, "साहेब, वीस एकर हाय म्हणायचं, पण कढीपत्त्याच्या काडीला पोराला गाडीवर धाडायला लागतंय." यावर मी काय बोलणार? उसाचे बिल वर्षातून दोन-तीनदा येते, चूल मात्र दिवसातून दोनदा पेटते.

हा नुसता पैशाचा प्रश्न नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाच्या रोजच्या आहारात साधारण ४०० ग्रॅम भाजीपाला असावा. म्हणजे पाच माणसांच्या घरात दिवसाला दोन किलो. आपल्याकडे किती घरांत एवढी भाजी शिजते हे ज्याचे त्याने पाहावे. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायका रक्तक्षयाच्या आढळल्या. त्यात बागाईत भागातल्या बायका नसतील असे समजण्याचे कारण नाही. हिरव्या पालेभाजीने सगळे दुखणे जाते असे नव्हे, पण दाराशी भाजी असली म्हणजे ती शिजते, आणि शिजली म्हणजे पोटात जाते.

जागा व पाणी

अर्धा गुंठा जागा पुरे. म्हणजे साडेपाचशे चौरस फुटांच्या आसपास. तेवढ्या जागेला उन्हाळ्यात दिवसाला अडीचशे लिटर पाणी लागेल असा हिशेब धरावा. हे पाणी ऐकायला जास्त वाटते, परंतु २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये माणशी दररोज ५५ लिटर पाणी धरले आहे. पाच माणसांचे २७५ लिटर झाले. यातले बरेचसे पाणी अंघोळीचे व भांड्यांचे होऊन मोरीतून गटाराला जाते आणि दाराशी डास पोसते. ते परसात वळवले तर बागेचा मोठा भार हलका होतो.

मात्र मोरीचे सगळे पाणी सारखे नव्हे. साध्या साबणाच्या अंघोळीचे पाणी चालते. धुण्याच्या पावडरचे पाणी भाजीला देऊ नये. त्यात सोडियम असतो, आणि आपल्या भागातल्या काळ्या जमिनी आधीच चोपण होण्याच्या मार्गावर आहेत. ते पाणी कर्दळ आणि केळीच्या आळ्यात सोडावे. मोरीचे कुठलेही पाणी मुळा, कोथिंबीर, काकडी अशा कच्च्या खाण्याच्या जिनसांना लावू नये. त्यांना स्वच्छ पाणीच द्यावे.

विहिरीचे पाणी मचूळ असेल तर घेवडा, काकडी फारशी साथ देणार नाहीत. पालक मात्र बराच खारेपणा सोसतो. ज्यांच्या परसात काहीच येत नाही त्यांनी पालकापासून सुरुवात करून पाहावी.

वेलांना पाणी देण्याची जुनी मडक्याची रीत अजूनही नामी आहे. न भाजलेले नव्हे, नीट भाजलेले पण रोगण न लावलेले साधे मातीचे मडके गळ्यापर्यंत जमिनीत पुरावे, पाण्याने भरावे, वर परळ झाकावे आणि भोवती वीतभर अंतरावर तीन-चार बिया टोकाव्यात. मडके पाझरत राहते व मुळ्या त्याच्याकडे धावतात. दोन-तीन दिवसांच्या गावाला जायचे झाले तरी वेल मरत नाही. ठिबक असेल त्यांनी खुशाल ठिबक लावावे, पण अर्ध्या गुंठ्याला ठिबक नाही म्हणून बाग अडली, ही सबब आम्ही ऐकणार नाही.

मळी आणि पाचट

खताच्या बाबतीत साखर कारखान्याच्या सभासदांइतके नशीबवान बागवान दुसरे नाहीत. गाळलेल्या उसाच्या साधारण तीन ते चार टक्के इतकी गाळणीतली मळी निघते. तिच्यात सेंद्रिय पदार्थ, स्फुरद व चुना असतो. पण ही मळी ताजी वापरू नये. ती आतून तापते आणि कोवळी रोपे होरपळतात. दोन-तीन महिने ढीग घालून, पाणी मारून, दोनदा वरखाली करून काळी भुसभुशीत झाली म्हणजे वापरावी. पन्नास चौरस फुटांना एक पाटी, म्हणजे अर्ध्या गुंठ्याला दहा-अकरा पाट्या झाल्या. गेल्या हंगामातली मुरलेली मळी ज्यांच्याकडे पडून आहे त्यांनी आताच ती वाफ्यात मिसळून घ्यावी. शेणखतही चांगले कुजलेलेच पाहिजे. अर्धवट कुजलेल्या शेणखताबरोबर हुमणीच्या अळ्या घरात आणल्यासारखे होते. खत पसरताना इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली पांढरी अळी दिसली की वेचून कोंबड्यांना टाकावी. त्या तिचा बरोबर समाचार घेतात.

पाचटाबद्दल किती वर्षे सांगतो आहोत! हेक्टरी आठ-दहा टन पाचट उसातून निघते आणि अजूनही काही ठिकाणी रात्री काडी लावली जाते. शेतातले पाचट तर जाळू नयेच, पण चार पेंढ्या बांधून घरी आणाव्यात. रोपे वीतभर झाली की वाफ्यात तीन-चार बोटे जाडीचा थर द्यावा. पाण्याच्या पाळ्या लांबतात, तण दबते, जमीन थंड राहते. एक गोष्ट लक्षात ठेवावी : जमीन कोरडी पडली तर पाचटाखाली वाळवी लागते. म्हणून झाडाच्या बुंध्याला चिकटून पाचट घालू नये, चार बोटे मोकळी जागा ठेवावी.

काय पेरावे

वेलवर्गीय बिया, म्हणजे दोडका, कारले, दुधी, काकडी, तांबडा भोपळा, फेब्रुवारी संपण्यापूर्वी टोकल्या तर उत्तम. उशीर झाला तर निदान होळीच्या आत. कारल्याचे बी टणक असते, ते दिवसभर पाण्यात भिजवून मग ओल्या फडक्यात बांधून ठेवावे आणि मोड डोकावला की लावावे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे 'हिरकणी' कारले, 'सम्राट' दुधी व 'हिमांगी' काकडी हे वाण आपल्याकडे चांगले येतात. भेंडीसाठी 'परभणी क्रांती' किंवा 'अर्का अनामिका' घ्यावी, गवारीसाठी 'पुसा नवबहार'. पण कोणाकडे आजीच्या वेळचा घरचा वाण असेल तर तो आधी लावावा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणे जपल्याबद्दल २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी जे केले त्याची सुरुवात आपल्यासारख्याच परसातून झालेली आहे. आता मांडवावर राहिलेल्या घेवड्याच्या, वालाच्या शेवटच्या शेंगा तोडू नका. वेलीवरच वाळू द्या. चांगल्या भरलेल्या शेंगांचे बी काढून, उन्हात खडखडीत वाळवून, चुलीतल्या राखेत मिसळून बरणीत भरावे.

पालेभाजी एकदम सगळ्या वाफ्यात फेकू नये. दर पंधरा दिवसांनी एक हप्ता टाकावा, म्हणजे ताटात खंड पडत नाही. मेथी, कोथिंबीर यांना ऊन सोसत नाही. पाडव्यानंतर त्या दोडक्याच्या मांडवाखाली किंवा शेवग्याच्या सावलीत लावाव्यात. धने रगडून दोन फाकी करावेत आणि रात्रभर भिजवून पेरावेत. आख्खे धने फेकून "उगवलेच नाहीत" अशी तक्रार पुष्कळ येते. तांदुळजा, राजगिरा यांना मात्र ऊन मानवते.

जाता जाता एक सांगतो. ऊस तोडायला येणाऱ्या बायका फडातून निघताना पदरात काय घेऊन जातात ते कधी पाहिले आहे काय? घोळ, तांदुळजा, चाकवत, पाथरी. आपण ज्याला तण म्हणून औषध मारतो त्याची त्या भाजी करतात. या भाज्यांचे चार बुडखे परसात राखले तर काही बिघडत नाही. फवारलेल्या शेतातून मात्र कोणीही त्या खुडू नयेत.

'वेल फुलतो पण धरत नाही'

एप्रिल उजाडला की गट कार्यालयात उसापेक्षा दुधीच्याच तक्रारी जास्त येतात, असे म्हटले तरी चालेल. म्हणून आताच खुलासा करतो. दुधी, भोपळा, दोडका यांच्या वेलाला नर व मादी फुले वेगळी असतात. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ दिसते, नराच्या मागे नुसता दांडा असतो. पहिले दहा-पंधरा दिवस बहुतेक नरच फुले येतात आणि गळून जातात, त्यात वेलाचा दोष नाही. पुढे मादी फुले येऊनही कळी पिवळी पडून गळत असेल तर मधमाशी कमी पडते आहे असे समजावे. अशा वेळी नर फूल खुडून, पाकळ्या मागे वळवून, त्यातला परागकण मादी फुलाच्या मधल्या भागावर हलकेच टेकवावा. भोपळ्याची फुले सकाळी उमलतात, ते काम सकाळी लवकर करावे. दुधीची व दोडक्याची फुले सांजवेळी उमलतात, तेव्हा दिवेलागणीच्या सुमारास. घरातली शाळकरी मुले हे काम आवडीने करतात.

दुसरे कारण म्हणजे युरिया. उसाला पोत्याने टाकायची सवय, तेव्हा वेलालाही मूठभर टाकला जातो. मग वेल असा माजतो की मांडव झाकून टाकतो, पण फळ नाही. परसबागेला युरियाची गरज नाही. मुरलेली मळी व शेणखत पुरेसे आहे.

फळ वाकडे होऊन एका बाजूने सडत असेल तर ती फळमाशी. तिने आत अंडी घातलेली असतात. अशी फळे वेलाखाली टाकून देऊ नयेत, रोज वेचून हातभर खोल पुरावीत. कोवळ्या फळाला कागदाची पिशवी बांधली तर माशी बसत नाही. कारल्यावर, काकडीवर हे सहज जमते.

आणखी एक घोटाळा 'केवडा' या शब्दाने होतो. उसाची कोवळी पाने पांढरट-पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात, तो केवडा लोहाच्या कमतरतेचा. चुनखडीच्या जमिनीत गुलाब, लिंबू, मोगरा यांनाही तो होतो. त्यावर लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस, लिंबाचे चार थेंब टाकून, संध्याकाळी फवारावे, आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा. भेंडीचा केवडा निराळा. त्यात उलट शिराच पिवळ्या पडतात. तो विषाणूचा रोग, पांढरी माशी पसरवते. त्यावर हिराकस मारून काही उपयोग नाही. झाड उपटून जाळावे हे बरे.

फवारणीचा पंप

आता जे लिहितो ते सर्वांनी, विशेषतः घरातल्या तरुण मंडळींनी, नीट वाचावे. फेब्रुवारी-मार्च हाच सुरू उसात व खोडव्यात २,४-डी मारण्याचा काळ. हे तणनाशक वनस्पतीच्या वाढीच्या संप्रेरकासारखे काम करते. ऊस एकदल पीक असल्याने टिकतो. टोमॅटो, वांगी, भेंडी, वेल, कापूस, द्राक्ष या सगळ्या द्विदल वनस्पती, त्यांना त्याचा अंशही सोसत नाही. तोच पंप एकदा पाण्याने खळबळून घरच्या टोमॅटोवर वापरला की चार-सहा दिवसांत शेंडे पिळवटतात, पाने दोरीसारखी अरुंद होतात, फुले गळतात. मंडळी येतात आणि म्हणतात, "साहेब, बोकड्या आलाय, औषध सांगा." त्याला औषध नाही. पंपाच्या नळीत, वायसरात राहिलेला अंश एका धुण्याने जात नाही. यास्तव तणनाशकाचा पंप वेगळा असावा, त्यावर रंगाने खूण करावी, आणि परसासाठी एक-दोन लिटरचा हातपंप निराळाच घ्यावा.

शेजाऱ्याचाही विचार करावा. वारा सुटलेला असताना किंवा भर उन्हात २,४-डी मारू नये. तुषार वाऱ्याने जातात, आणि त्याचा एस्टर प्रकार तर वाफ होऊन दूरवर जातो. सकाळी वारा पडलेला असताना, नोझल खाली धरून मारावे. बांधावरून बोलणे बंद झालेली दोन घरे माझ्या पाहण्यात आहेत. एकाचा ऊस, दुसऱ्याची टोमॅटोची लागण, आणि मध्ये ही फवारणी.

कीटकनाशकांचे तर विचारूच नका. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरण्यास २००५ सालापासून बंदी आहे. उसात वर्षानुवर्षे टाकलेले थिमेट, म्हणजे फोरेट, याचा वापर तर ३१ डिसेंबर २०२० नंतर देशातच बंद झाला. तरी काही घरांच्या माळ्यावर जुने डबे अजून आहेत. "उरलंय तर वांग्यावर मारून टाकू" हा विचार कृपा करून मनातही आणू नये. संध्याकाळी तीच वांगी नातवाच्या ताटात जायची आहेत. औषधाच्या डब्यावरचा त्रिकोण पाहावा. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा व शेवटी हिरवा. आणि रिकामी बाटली, ती कितीही चांगली दिसली तरी, पाणी किंवा तेल ठेवण्यास घेऊ नये.

परसाला निंबोळी अर्क पुष्कळ झाला. पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड रात्री लिटरभर पाण्यात भिजत घालावी, सकाळी वस्त्रगाळ करून ठेवावी, त्यात चिमूटभर साबणाचा चुरा विरघळवून त्याच दिवशी उन्हे उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूने फवारावे. मावा, तुडतुडे, पांढरी माशी आटोक्यात राहतात. आता निंबोळ्या नसतील त्यांनी पेंड आणावी, आणि पावसाच्या तोंडाला झाडाखाली सडा पडतो तेव्हा पाटीभर वाळवून ठेवाव्यात.

फुले व झाडे

मोगऱ्याची छाटणी राहिली असेल तर शिवरात्रीपर्यंत उरकून घ्यावी. जुनी पाने काढून, फांद्या निम्म्या छाटून, आळे उकरून, कुजलेले खत घालून पाणी सुरू करावे. नव्या फुटीवरच कळी येते. न छाटलेला मोगरा नुसता झुडूप होऊन बसतो. शेवंतीचा बहर संपला असेल तर झाडे जमिनीलगत कापून मुनवे राखावेत आणि उन्हाळाभर सावलीत जगवावेत. तुळशीच्या मंजिऱ्या खुडाव्यात, नाहीतर झाड वाळत जाते.

लिंबाला कोवळी फूट आली आहे, तीवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी बसते. ती फुलपाखराची अळी. हाताने वेचली तरी भागते. आंब्याच्या मोहोरावर पांढरी भुरी दिसल्यास पाण्यात मिसळणाऱ्या गंधकाची फवारणी करावी. मोहोर पूर्ण फुललेला असताना मात्र काही मारू नये, मधमाशा मरतात. कैरी वाटाण्याएवढी झाली की पाणी चालू करावे, म्हणजे गळ कमी होते. कढीपत्त्याचे शेंडे आता छाटले की फांद्या फुटतात.

शेवग्याला सध्या शेंगा आहेत, त्याला हात लावू नका. शेंगांचा हंगाम संपला की, एप्रिल-मे महिन्यात, कमरेएवढ्या उंचीवर छाटावा. पन्नास फूट वर शेंगा आणि खाली आकडी घेऊन उभी म्हातारी, असे होत नाही. छाटलेल्या, मनगटाएवढ्या जाड फांद्या फेकू नयेत. दोन-तीन हात लांबीचे तुकडे करून चार दिवस सावलीत ठेवावेत आणि पावसाच्या सुरुवातीला कुंपणाच्या कडेने लावावेत. ज्यांच्या परसात शेवगा नाही त्यांनी शेजाऱ्याकडे आताच सांगून ठेवावे.